एकाच पेल्यात सगळं

फ्रेमवाल्या काकांच्या दुकानात पाय ठेवायला जागा शोधावी लागे. भिंतीला टेकवलेल्या लाकडी पट्ट्या, खालच्या फळीवर उभ्या लावलेल्या काचा आणि मधोमध जुनं ब्लँकेट अंथरलेलं लांब टेबल. या टेबलावर काका काच कापत. ते एका दमाचं काम. काच कापायची हिऱ्याच्या टोकाची हिरकणी टेकवायची आणि पट्टीला धरून एकदाच ओढायची. मध्ये थांबलं, पुन्हा गिरवलं, की काच आपल्याला हवी तिथे नाही, तिला वाटेल तिथे तुटते.

पार्किन्सन मागे लागून काही वर्षं झाली होती. उजवा हात थरथरायचा. पण सकाळची गोळी लागू पडली की दोन-तीन तास तो हात शहाण्यासारखा वागायचा. काका तेवढ्यात दिवसभराच्या काचा कापून मोकळे होत. मग खिळे ठोकणं, मागे कागद डकवणं आणि गिऱ्हाइकांशी गप्पा. तक्रार नव्हती.

गेल्या महिन्यापासून मात्र ती सकाळच हरवली. गोळी घ्यावी आणि वाट बघत बसावं. हात हलायचा तो हलायचाच, वर पायही जमिनीला चिकटल्यासारखे होत.

"आज किती?" काकू केरसुणी घेऊन आल्या.

"एकच. पण मोठी होती."

"काच फुटली तर फुटली, तोंड कशाला पाडता?"

नुसत्या काचेचं नव्हतं ते. शेजारच्या चपलांच्या दुकानदाराला गोदामासाठी ही जागा हवी होती. आजवर काका त्याला हसून वाटेला लावत. काल मात्र त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं, "बघू, पुढल्या महिन्यात सांगतो." हे काकूंना सांगायचा धीर होत नव्हता. काच कापता येत नाही तो कसला फ्रेमवाला?

आजार वाढला, असं धरूनच ते डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी हात-पाय हलवून पाहिले, चालायला लावलं. मग विचारलं, "गोळी वेळेवर घेता ना?"

"घड्याळ लावून."

"आणखी काही औषध?"

"छे! दुसरं काही नाही."

"गोळी घेता कशी?"

"दुधातून," काका म्हणाले.

काकूंना राहवलं नाही. "नुसत्या दुधातून नाही हो. यांचं सगळं लाकडाच्या पॉलिशसारखं. सगळं एकदाच कालवायचं, की काम झालं. गेल्या महिन्यात लेकीने प्रोटीनची पावडर पाठवली, वजन उतरलं म्हणून. अशक्तपणा वाटतो म्हणून लोहाच्या गोळ्या मी आणल्या. हे सगळं खलात कुटतात, तुमची गोळीसुद्धा, आणि एका पेल्यात ढवळून पितात!"

"प्रत्येकासाठी वेगळं तोंड कोण वाकडं करणार?" काका पुटपुटले.

"पण काका, मी विचारलं तेव्हा दुसरं काही नाही म्हणालात."

"ते काय औषध आहे? ते तर ताकदीचं."

बाई हसल्या, पण समजावलं नीट. लोह या गोळीला पोटातच धरून ठेवतं, तिला अंगात जाऊ देत नाही. प्रोटीनही वाट अडवतं. एकाच दारातून दोघांना आत शिरायचं असतं, आणि गर्दीत गोळी मागे राहते. "म्हणजे गोळी तुम्ही घेत होता, पण ती तुम्हाला मिळतच नव्हती," त्या म्हणाल्या. गोळी कुटायची नाही, उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, खाणं अर्ध्या-पाऊण तासाने. पावडर संध्याकाळी, तीही गोळीच्या वेळेपासून लांब. लोह आधी बंद. रक्त तपासू, लागलंच तर गोळीपासून काही तासांच्या अंतराने.

"आणि माझ्या मेहुण्याने कसल्याशा बियांची पूड दिलीय, कंपावर अक्सीर म्हणून. ती अजून उघडली नाही," काकू म्हणाल्या.

"उघडूही नका. अशा काही बियांत या गोळीतलंच औषध असतं, फक्त किती ते कुणाला ठाऊक नसतं. नवीन काही आणलंत तर आधी मला दाखवा. आणि गोळी आपल्या मनाने कमी-जास्त करायची नाही."

बाहेर पडल्यावर काकू म्हणाल्या, "मेहुण्याला मी सांगते. लेकीला तुम्ही सांगा."

"तिला वाईट वाटेल."

"पावडर चालू आहे, फक्त संध्याकाळी. वाईट कसलं वाटायचंय!"

दुसऱ्या दिवशी काही चमत्कार झाला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. काका पाण्याबरोबर गोळी घेत, रिकाम्या पोटी चुळबुळत बसत आणि स्वयंपाकघराकडे बघत. "अजून नाही," काकू आतूनच म्हणत.

पण आठवड्याच्या शेवटी एका सकाळी काका टेबलाशी उभे राहिले आणि हात गप्प होता. त्यांनी आधी एक टाकाऊ तुकडा कापून पाहिला. मग मोठी काच ब्लँकेटवर आडवी केली, पट्टी लावली आणि श्वास धरून हिरकणी ओढली. बारीक, एकसारखा कर्रर्र आवाज झाला. काठावर दाब दिला. काच सरळ दुभंगली.

दुपारी हात पुन्हा थरथरू लागला. तो थरथरणारच होता. काका चपलांच्या दुकानात गेले आणि खुर्ची ओढून बसले.

"ते जागेचं..." त्यांनी सुरुवात केली.

"द्यायची नाही ना?" दुकानदार म्हणाला. "सकाळपासून तुमचा काच कापायचा आवाज ऐकतोय, काका. कळलं मला."

"रागावलास?"

"रागावतोय कसला? माझ्या लग्नाच्या फोटोची काच तडकून वर्ष झालं. ती तेवढी बदलून द्या."

"उद्या सकाळी आण," काका म्हणाले. "पण जरा उशिरा. आधी मला गोळी घेऊन उपाशी बसायचं असतं."