पायाखालची पेटी

गल्लीत त्यांना तारीखबाई म्हणत. गिटारची वायर खुपसली की आवाज मोठा करून सोडणारं जुनं अँप्लिफायर त्यांच्यासमोर ठेवायचं, आणि ते कोणत्या साली, कोणत्या आठवड्यात जुळवलं हे त्यांनी सांगायचं. दुसऱ्याचं वय सांगण्यात त्या इतक्या काटेकोर होत्या, की शेजारच्या बायका त्यांच्यादेखत स्वतःच्या वाढदिवसाचा विषय काढत नसत.

सायकलच्या दुकानामागे त्यांची एक खोली होती. उत्तरेच्या खिडकीखाली लांब टेबल, टेबलावर जुनी घोंगडी, म्हणजे खोक्याच्या कडा घासायला नकोत. काम सुरू करायच्या आधी त्या बांगड्या काढून बशीत ठेवत. मग मागची फळी सोडवून नाक आत घालत. जळकट वास, ओलीचा वास, उंदराचा वास, सगळे ओळखीचे. त्यानंतर आतला पत्र्याचा सांगाडा बाहेर काढून उलटा करत. आवाज कमी-जास्त करायच्या बटणामागे एक गोल वाटीसारखा भाग असतो, त्याला कारागीर कंट्रोल म्हणतात. त्याच्या पाठीवर सात आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन बनवणाऱ्याचे, पुढचे दोन सालाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. ट्रान्सफॉर्मरवर आणि स्पीकरवरही तसेच आकडे. तिन्हींची सालं जुळली की माल अस्सल. एखादं वर्षा-दोन वर्षांनी मागेपुढे निघालं, की मध्ये कुणीतरी हात मारलाय, म्हणजे जोडकाम. अस्सलाला सोन्याचा भाव, जोडकामाला भंगाराच्या जरा वरचा. हा नियम बाईंनीच घालून दिला होता आणि त्या भागातले सगळे खरेदी-विक्रीवाले तो डोळे मिटून पाळत. बाईंच्या दाखल्याशिवाय कुणी खिशात हात घालत नसे.

एका सोमवारी सत्तरी ओलांडलेली एक शिंपीण हातगाडीवरून अँप्लिफायर घेऊन आली. गाडी तिनं स्वतःच ढकलली होती. आल्या आल्या तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"ताई, लिलाववाला म्हणतो हे जोडकाम आहे. मी म्हटलं, कशावरून? तर म्हणे तारीखबाईंच्या नियमावरून. मग मी म्हटलं, चला, नियमालाच भेटून येऊ."

अँप्लिफायर तिच्या नवऱ्याचं. त्यानं दुकानातून कोरं घेतलं होतं, त्यावर उभी हयात लग्नसमारंभांत वाजवलं होतं, आणि गेल्या वर्षी तो गेला. शिंपीण ज्या खोलीत चाळीस वर्षं शिवत होती ती खोली मालक विकायला निघाला होता. महिनाअखेरपर्यंत पैसे आणले तर खोली तिची, नाहीतर मशीन उचलून रस्त्यावर. अस्सल ठरलं तर हे खोकं ती खोली घेऊन देणार होतं. जोडकाम ठरलं तर खोलीचं दारसुद्धा येणार नव्हतं. लिलावाची यादी शुक्रवारी बंद होणार होती.

"आत कुणी हात घातला होता का?" बाईंनी विचारलं.

"मला पुसायलासुद्धा देत नव्हता तो. दुसऱ्याला काय देतोय!"

बाईंनी बांगड्या बशीत ठेवल्या. ट्रान्सफॉर्मर सदुसष्टचा. स्पीकर सदुसष्टचा. कंट्रोल मात्र चौसष्टचे, चारही. तीन वर्षांचा फरक. नियमानं हिशेब मिटला होता, आणि एरवी त्यांनी तिथेच सांगाडा सुलटा करून 'जोडकाम' असं लिहून टाकलं असतं. पण शिंपीण स्टुलावर पाठ ताठ ठेवून बसली होती, आणि त्या बसण्यामुळे बाईंनी भिंग उचललं.

हे अँप्लिफायर ज्या कारखान्यातलं, तिथे सोल्डर केलेल्या प्रत्येक सांध्यावर तपासनीस लाल रंगाचा एक ठिपका लावायचा. सांधा पुन्हा उघडला की ठिपका जळून काळा पडतो. कंट्रोलच्या सांध्यांवरचे ठिपके लालभडक होते. एकही जळलेला नव्हता. म्हणजे हे कंट्रोल पहिल्या दिवसापासून इथेच होते.

आणि पत्र्याच्या कोपऱ्यात चिकटपट्टीचा तुकडा होता. जुळणी करणाऱ्या बायका आपापली खूण म्हणून असा तुकडा चिकटवत. त्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'ठेंगू'.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. ठेंगू म्हणजे त्यांची आई. जुन्या मैत्रिणी तिला अजून याच नावानं हाक मारत.

"ताई, काय झालं?" शिंपिणीनं विचारलं.

"दोन दिवस द्या मला," बाई म्हणाल्या. "हे इथेच राहू दे. आणि आकडे खोटं बोलत नाहीत हे मी आजवर सांगत आले. आज पहिल्यांदा मला वाटतंय की ते अर्धंच बोलतात."

आई एकोणऐंशी वर्षांची, खणखणीत, आणि जिभेला हाड नसलेली. लग्नाआधीपासून नऊ वर्षं तिनं त्या कारखान्यात जुळणी केली होती. पण त्या नऊ वर्षांबद्दल तिनं कधी काही सांगितलं नव्हतं, आणि बाईंनीही विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर विचारावं असं त्यांना वाटलंच नव्हतं. आई तारा जोडायची, आकड्यांतलं तिला काय कळणार, असा त्यांचा हिशेब. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

संध्याकाळी आई खिडकीशी शेंगा सोलत बसली होती. खुर्चीवरून तिचे पाय अधांतरी लोंबत होते.

"आई, सदुसष्टच्या मालात चौसष्टचे कंट्रोल कसे आले?"

आईचा हात शेंगेवरच थांबला. मग तिनं ती शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले, आणि म्हणाली, "कोण विचारतंय?"

"मी विचारतेय."

"तू विचारतेस की तुझं दुकान विचारतंय?"

"दोन्ही."

"मग दार लाव."

दार लावायची काही गरज नव्हती, घरात दोघीच होत्या, पण बाईंनी लावलं. आईनं सांगितलं ते असं. जुळणीच्या टेबलाचे स्टूल उंच. बाकीच्या बायकांचे पाय जमिनीला टेकायचे, हिचे टेकत नसत. दुपारपर्यंत पोटऱ्या सुजायच्या. एक दिवस तिला टेबलाखाली एक लाकडी पेटी दिसली, खिळे ठोकलेली. तिनं ती पायाखाली ओढून घेतली. बरोब्बर उंची. चार दिवसांनी फोरमन आरडाओरडा करत आला, की चारशे कंट्रोलांची पेटी हरवली. सगळा कारखाना धुंडाळला. टेबलाखाली मात्र कुणी वाकलं नाही, कारण तिथे बायकांचे पाय होते.

"मग तू सांगितलं नाहीस?"

"आधी कळलंच नाही की तीच पेटी. कळलं तेव्हा आठवडा झाला होता, आणि फोरमननं चोर शोधायला सुरुवात केली होती. कुठल्या तोंडानं सांगू? तीन वर्षं पाय ठेवले मी त्यावर. खाई त्याला खवखवे. रोज वाटायचं, आज पकडणार."

मग सदुसष्टला मालाचा ट्रक अडकला, कंट्रोल संपले, आणि काम बंद पडणार म्हणून बायकांची मजुरी तुटायची वेळ आली. तेव्हा आईनं शेजारणीला सांगितलं. शेजारीण म्हणजे लांबवेणी. ती उठली, पेटी ओढून बाहेर काढली आणि फोरमनला म्हणाली, ही बघा, कोठाराच्या फळीमागे पडली होती. टेबलावरच्या अकरा बायकांपैकी एकीनंही तोंड उघडलं नाही. तो अख्खा आठवडा सगळ्यांनी तेच कंट्रोल बसवले.

"दुसऱ्या दिवशी लांबवेणीनं मला साबणाचं रिकामं खोकं आणून दिलं पायाखाली," आई म्हणाली. "जरा डुगडुगायचं. पण झोप लागायला लागली मला."

बाईंना हसू आलं आणि त्या हसल्याही, पण ते हसू अर्ध्यावरच विरलं. चौसष्टचे कंट्रोल, सदुसष्टचा ट्रान्सफॉर्मर. ही जोडी त्यांनी आधीही पाहिली होती.

सकाळी उठून त्यांनी जुन्या वह्या काढल्या. अठरा वर्षांपूर्वीची नोंद सापडली. आणलं होतं चौकातल्या न्हाव्यानं. खोक्यावरचा कारखान्याचा नंबर शिंपिणीच्या अँप्लिफायरहून अकरानंच पुढचा. आणि शेवटी त्यांच्याच वळणदार अक्षरात, खाली दोन रेघा मारून लिहिलेलं, 'जोडकाम'. सांध्यांविषयी एक शब्द नाही. पाहिलेच नव्हते. सुतावरून स्वर्ग गाठला होता, आणि तेव्हाही आई घरी खिडकीशी शेंगाच सोलत होती. बाईंना स्वतःची लाज वाटली. वहीची दोन पानं त्यांनी उगाचच पुढे-मागे केली आणि मग चपला घातल्या.

लिलाववाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"बाई, लाल ठिपका मीसुद्धा लावीन. आणि साक्षीदार कोण, तर तुमच्या मातोश्री. दाखलाही घरचा, साक्षही घरची. गिऱ्हाईक मला हसेल."

"त्याच आठवड्यातलं दुसरं दाखवलं तर? दुसरीच्या हातचं, आकडे तेच, ठिपके शाबूत?"

"असलं तर दाखवा. कुठे आहे?"

"आहे. मीच त्याला जोडकाम ठरवलंय."

लिलाववाल्यानं चष्मा काढला. तो तसा वाईट माणूस नव्हता, फक्त भित्रा होता. "म्हणजे स्वतःचाच दाखला खोटा पाडणार? उद्या लोक बाकीचे सगळे दाखले घेऊन तुमच्या दारात उभे राहतील."

"राहू देत. दार नऊला उघडतं."

न्हाव्यानं ते अँप्लिफायर तेव्हाच एका शाळेला मातीमोल भावात देऊन टाकलं होतं, एवढं बाईंना ऐकून ठाऊक होतं. त्या सरळ शाळेत गेल्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, पत्र आणा. बाईंनी तिथल्याच बाकावर बसून पत्र लिहिलं. मग मुख्याध्यापिका म्हणाल्या, शिपाई जेवायला गेलाय. बाई दीड तास थांबल्या. अखेर सभागृहाच्या मागच्या खोलीतून, खुर्च्यांच्या राशीखालून अँप्लिफायर निघालं. गॅदरिंगला अजून हेच वाजवतात, शिपाई म्हणाला. बाईंनी तिथेच जमिनीवर फतकल मारली, बांगड्या काढून शिपायाच्या हातात दिल्या आणि सांगाडा उलटा केला.

चौसष्ट, सदुसष्ट, सदुसष्ट. एकूणएक ठिपके लाल. कोपऱ्यात चिकटपट्टी, 'लांबवेणी'.

शुक्रवारी सकाळी लिलाववाल्याच्या टेबलावर दोन दाखले गेले. पहिला शिंपिणीचा. अस्सल, एका आठवड्यातली जुळणी, प्रकृती उत्तम, आणि खाली भाव. तो भाव वाचून शिंपिणीनं आधी बाईंकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि मग हातगाडीच्या दांडीवर हात टेकून ती मुकाट्यानं रडली. दुसरा दाखला कुणी मागितला नव्हता. त्यात लिहिलं होतं की अठरा वर्षांपूर्वी मी दिलेला दाखला चुकीचा आहे, चूक माझी आहे, सांधे न तपासता मत दिलं. लिलाववाल्यानं दोन्ही यादीला जोडले. यादी बंद झाली.

मोकळं व्हायला एवढं पुरे होतं. शाळेतलं अँप्लिफायर शाळेचं होतं, न्हाव्याचा त्यावर आता काही हक्क नव्हता, आणि तो काही विचारायला येणार नव्हता. पण बाईंच्या पर्समध्ये दुसऱ्या दाखल्याची नक्कल होती. ती घेऊन त्या चौकात गेल्या.

न्हाव्यानं एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावला होता. अर्धी दाढी झाली होती. बाईंना पाहून त्याचा वस्तरा हवेत थांबला.

"बाई? तुम्ही इकडे?"

"हे वाचा. गिऱ्हाईक थांबेल."

गिऱ्हाइकाला कुणी विचारलं नव्हतं, पण ते थांबलं. न्हाव्यानं हात पुसून कागद घेतला. वाचायला त्याला वेळ लागला. शेवटच्या ओळीशी आला तेव्हा त्यानं ती मोठ्यानं वाचली.

"'कंट्रोल तीन वर्षं जुने असण्याचं कारण: जुळणी करणाऱ्या बाईचे पाय जमिनीला टेकत नव्हते.' हे काय?"

बाईंनी पेटीची गोष्ट सांगितली. गिऱ्हाईक फेसातून खुदकन हसलं. न्हावी हसला नाही.

"तुमचे पैसे बुडाले माझ्यामुळे," बाई म्हणाल्या. "आज त्याची किंमत काय आहे तेही लिहिलंय. मी भरून देऊ शकत नाही, तेवढी माझी ऐपत नाही. पण सांगायला तर हवंच होतं."

"पैशांचं सोडा," न्हावी म्हणाला. त्यानं कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. "बाई, मी रोज रात्री दुकान बंद करून एक तास वाजवायचो त्याच्यावर. काय आवाज होता! तुम्ही जोडकाम म्हणालात, त्याच रात्री मी ते सुरू केलं, तर मला तो आवाज खोटा वाटला. दुसऱ्या दिवशीही खोटा. म्हटलं, आपले कानच तसले, आपल्याला काय कळतंय. त्यानंतर गिटारला हात लावला नाही मी."

बाईंनी घरून निघताना चार वाक्यं जुळवून आणली होती. त्यांतलं एकही इथे चालणार नव्हतं.

"आवाज खरा होता," त्या म्हणाल्या. "तुमचे कान बरोबर होते. चुकले ते माझे डोळे."

न्हाव्यानं कागद आरशाच्या फटीत खोचला. "आता कुठे आहे ते? मोडलं असेल ना एव्हाना?"

"खुर्च्यांच्या राशीखाली होतं. आता बाहेर काढून ठेवायला सांगितलंय. मुख्याध्यापिकांना मी तिथून निघण्याआधीच विचारलं. शाळा सुटल्यावर कुणी येऊन तास-दीड तास वाजवलं तर त्यांची हरकत नाही. पत्र द्यावं लागेल." त्यांनी पर्समधून आणखी एक कागद काढला. "ते मी लिहून आणलंय. तुमची सही तेवढी करा."

न्हाव्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. शाळा सुटायला वीस मिनिटं होती. त्यानं गिऱ्हाइकाचा राहिलेला गाल नीट गुळगुळीत केला, तुरटी फिरवली, पैसे घेतले नाहीत. मग माळ्यावर चढला आणि कपड्यात गुंडाळलेली गिटार खाली घेऊन आला. तिच्या दोन तारा गंजून तुटल्या होत्या.

"चार तारांवर चालेल ना?" त्यानं विचारलं.

"चालेल," बाई म्हणाल्या, आणि शटर ओढायला त्यांनी त्याला हात दिला.