आजोबांच्या पायावरचा खळगा

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, आजोबांचे पाय सुजायचे म्हणजे नक्की काय व्हायचं. मी धड्यातलं उत्तर दिलं. उरलेलं आता लिहून देते, कारण त्यात माझी चूक आहे.

राहुरीला मी इंग्रजीतून जीवशास्त्र शिकवत असे. केशवाहिन्यांच्या पातळ भिंतींतून रक्तातलं पाणी ऊतींमध्ये झिरपतं, पेशींना अन्न पोचवतं. रक्तातली प्रथिनं त्यातलं बरंचसं परत ओढून घेतात, उरलेलं लसीकावाहिन्या नेतात. ही आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढली.

आपल्या ख्रिस्ती घरांत ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी जेवणाआधी घरातले एकमेकांचे पाय धुतात. आजोबांचे पाय त्यांची धाकटी बहीण लहानपणापासून धुवायची. लग्नानंतर ते काम माझ्याकडे येईल असं मला वाटलं होतं. आलं नाही; ती सासरहून त्या दिवशी येत राहिली. पुढे ती विधवा होऊन कोल्हारहून आमच्या शेजारीच राहायला आली. मी दरवर्षी टॉवेल धरून हसत उभी राहायचे आणि आतून जळायचे.

एका वर्षी पाय पुसताना ती थांबली.

"वहिनी, ह्ये बघा. बोट रुतलं, खळगा भरंना."

"उन्हाळा आहे. सगळ्यांचेच सुजतात."

"माझं न्हाई सुजलं."

"तुझ्या दादांचे पाय तुला माझ्यापेक्षा जास्त कळतात?"

"व्हय. तुमी पुस्तकं बघता, मी पाय बघते."

आजोबा हसले. मला ते हसणंच लागलं.

खळग्याचा अर्थ मला तिथेच कळला होता. पण तो तिनं आधी पाहिला, म्हणून मी आठ दिवस डॉक्टरांचं नाव काढलं नाही. नवव्या दिवशी चार पायऱ्या चढताना त्यांना धाप लागली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, रक्त मागे साचतंय, म्हणून झिरपलेलं पाणी परत आत येत नाही. मीठ कमी करा, गोळ्या द्या, रोज पाय दाबून नोंद ठेवा.

मी वही आखली. पाय मात्र त्यांनी बहिणीपुढेच केले. ती दाबून "आज कमी हाय" म्हणायची, मी लिहायचे. ते त्यानंतर चार वर्षं जगले. त्या आठ दिवसांबद्दल मी दोघांनाही सांगितलं नाही.

आता माझे पाय सुजतात, आणि तीच येऊन दाबून बघते. वही कपाटात आहे. सुरुवातीची आठ पानं मी सोडली होती. ती अजून कोरी आहेत.