तुंगाक्काचं सोवळं

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत तुंगाक्काच्या सोवळ्याचा दरारा होता. भावजय शकुंतला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून मीठ मागायची आणि तुंगाक्का ते वाटीत घालून उंबऱ्यावर ठेवायची. भाऊ वेणीमाधव कोर्टात कारकून, घरचा कर्ता. पण आतल्या घागरीतून तांब्याभर पाणी त्यानेही कधी स्वतःच्या हाताने घेतलं नाही. मोलकरीण केराबाई घासलेली भांडी परसात पालथी घालायची आणि लांबूनच ओरडायची, "आक्का, ठिवली हो भांडी! माझी सावलीबी न्हाय पडू दिली!" मग तुंगाक्का त्यांच्यावर पुन्हा पाणी ओतून एकेक आत न्यायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, देव पाटावरून हलेल एक वेळ, पण तुंगाक्काची बरणी फळीवरून हलायची नाही.

ते खरंच होतं. फक्त त्यात देवाधर्माचा भाग अलीकडे फार थोडा उरला होता. तुंगाक्काला दिसत नव्हतं.

आधी समईच्या ज्योतीभोवती कडं दिसायला लागलं. मग तांदळातले खडे दिसेनासे झाले, मग माणसांची तोंडं. आता उजेड कुठून येतो आणि दारात कुणी उभं आहे की नाही, एवढंच कळायचं, तेही उन्हाच्या वेळी. पण स्वयंपाकघरात तिचा हात कधी चुकला नाही. कान तुटलेली बरणी मिठाची. पोचा आलेला पितळी डबा साखरेचा. हळद लाकडी पेटीत, पापडखार बुटक्या बुधल्यात. दुसऱ्या कुणाचा हात तिथे लागला नाही की झालं, आणि सोवळ्याचं नाव काढलं की कुणाचा हात लागायचा नाही. दुपारी ती पोथी घेऊन बसायची, तोंडपाठ अध्याय म्हणायची आणि अंदाजाने पानं उलटायची. पोथी एकदा केराबाईच्या देखतच उलटी धरली गेली, पण केराबाईला अक्षरओळख असती तर ना!

लपवण्यासारखं त्यात काय होतं, असं आपण सहज विचारू. तुंगाक्काने मैंदर्गीला आपल्या माहेरी थोरली काकू पाहिली होती. काकूचे डोळे गेले तेव्हा तिला गोठ्याशेजारच्या खोलीत जागा दिली. वाईट कुणी वागवलं नाही. वेळच्या वेळी ताट समोर यायचं, सणाला धूत लुगडं मिळायचं. फक्त तिला कुणी काही विचारीनासं झालं. मीठ किती घालू, लोणचं मुरलं का, मुलगी कुठे द्यायची, काही म्हणजे काही नाही. लहानपणी तुंगाक्काच तिचं ताट घेऊन जायची आणि काकू हवेत हात फिरवत विचारायची, "कोण आहे?" ते फिरणारे हात तुंगाक्का कधी विसरली नाही.

आणि तिचं स्वतःचं म्हणावं असं होतं तरी काय? लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, डोक्यावर पदर आला, आणि त्याच वर्षी तिने गोड सोडलं. साखर, गूळ, प्रसादाचा बत्तासासुद्धा नाही. आई गेल्यावर वेणीमाधवाला तिने वाढवला, त्याला सोलापूरला नोकरी लागली तशी त्याच्यामागून आली आणि चूल हातात घेतली. ती चूल हीच तिची इस्टेट. दवाखान्यात डोळ्यांवरचा सारा, म्हणजे मोतीबिंदू, काढतात, हेही तिच्या कानांवर आलं होतं. पण तिथे जायचं म्हणजे आधी सांगायला हवं, आणि सांगितलं की मैंदर्गीची ती खोली तिच्या अंगावर यायची.

सोलापुरात तीस साली लागलेला मार्शल लॉ उठून दोन-तीन वर्षं झाली होती. त्या फाल्गुनात ऊन नेहमीपेक्षा लवकर तापलं. शिमगा सरला, पाडवा जवळ आला, आणि घरोघर चुन्याच्या बादल्या निघाल्या. गोधड्या धुतल्या, जाळी झाडली, माळे रिकामे झाले. दर वर्षी स्वयंपाकघर तेवढं तुंगाक्का एकटीच काढायची आणि एकटीच लावायची. या वर्षी शकुंतलेने पदर खोचला.

शकुंतला मनाची निर्मळ, पण तिला वाचायचा नाद. कुठल्याशा मासिकात आदर्श स्वयंपाकघरावर लेख आला होता. सगळे डबे एका मापाचे असावेत, त्यांवर नावाची चिठ्ठी असावी, फुटकंतुटकं सामान काढून टाकावं, वगैरे. लिहिणाऱ्या बाईने जन्मात चूल फुंकली होती की नाही कोण जाणे, पण शकुंतलेला ते सगळं पटलं.

"माझ्या सोवळ्याचं काय?" तुंगाक्काने विचारलं. हे तिचं हुकमी अस्त्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकुंतला न्हाऊन, ओलेत्याने सोवळं नेसून उंबऱ्यावर उभी राहिली. "आता बोला, अक्का! दोन दिवस कुण्णाला शिवणार नाही. तुम्ही आयुष्यभर राबलात. ओसरीवर बसा, माळ ओढा. एकदा माझ्या हातचं बघा तरी की."

तुंगाक्का ओसरीवर जाऊन बसली. आतून फळ्या निघाल्याचे, भांडी आदळल्याचे आवाज येत होते. प्रत्येक आवाज ती ओळखत होती. हा बुधला. ही पेटी. बरणी फुटली तेव्हा शकुंतला हसून म्हणाली, "जाऊ दे, कानतुटकीच होती!" दुपारी केराबाई ओसरीवरून पाटी घेऊन निघाली.

"काय नेतेस गं?"

"जुनी भांडी, आक्का. वैनीसाबांनी मोडीत घालाय सांगितल्यात कासाराकडं. पोचा आल्याला डबा हाय, लई जुनाट झालाय बगा."

तुंगाक्काने हात पुढे करून तो डबा एकदा चाचपला. पोच्यात अंगठा बरोबर बसला. "ने," ती म्हणाली.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी सगळं लागलं. शकुंतलेने तिचा हात धरून आत नेलं. चुन्याचा वास, आणि भिंतभर पत्र्याचे चौकोनी, एकसारखे डबे. "बघा तरी कसं दिसतंय! आणि प्रत्येकावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, तुम्हाला वाचता यावं म्हणून." तिच्या आवाजात इतका आनंद होता की तुंगाक्काला भडभडून आलं. "छान दिसतंय गं," ती म्हणाली.

पाडव्याला श्रीखंड तुंगाक्कानेच करायचं, हा घरचा शिरस्ता. उजाडताना ती न्हाऊन सोवळ्यात आत गेली. चक्का रात्रभर टांगलेला होता. तो पातेल्यात काढला. आता साखर. बाहेर वेणीमाधव गुढीची काठी धुवत होता, शकुंतला दारात रांगोळी काढत होती. फळीवरून हात फिरवला तर सगळीकडे तोच पत्रा, तेच कोपरे, आणि वर खळीने डकवलेला कागद. कागदावरून बोट फिरवून अक्षर कळत नाही.

तिने डबे उघडायला सुरुवात केली. डाळी कळल्या, पिठं कळली. शेवटी तीन डबे उरले. तिन्हींत मऊ भुगा. शकुंतलेने मीठ कुटून चाळून भरलं होतं, साखर श्रीखंडासाठी दळून ठेवली होती, आणि तिसऱ्यात पापडखार असणार. बोटं मुकी झाली. नैवेद्याचा जिन्नस हुंगायचासुद्धा नाही, चाखणं तर लांबच; देवाआधी जिभेला लागला की तो उष्टा. हा नेम तिने सगळ्या पेठेला शिकवला होता. शकुंतलेला हाक मारावी तर ती म्हणणार, लिहिलंय की, अक्का.

आणि चुकलं तर? खारट श्रीखंड देवापुढे आणि मग भावाच्या ताटात. मग सगळंच उघडं.

"देवा, तूच बघ रे बाबा," ती पुटपुटली आणि पहिल्या डब्यात बोट घालून जिभेला लावलं. मीठ. दुसरा. तोंड कडवट झालं. तिसऱ्या डब्यातलं बोट तिने तोंडात घातलं आणि इतक्या वर्षांनी तिच्या जिभेवर गोड विरघळलं.

"अक्का!"

शकुंतला कडुलिंबाची फुलं घेऊन उंबऱ्यात उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. तुंगाक्काचं बोट अजून ओठांतच होतं, हनुवटीला साखर लागलेली. आवाज ऐकून वेणीमाधवही आत आला.

"काय झालं?"

सांगायला तीन शब्द पुरे होते. मला दिसत नाही. ते शब्द तिच्या घशापर्यंत आले. पण त्यांच्यापाठोपाठ काकूचे हवेत फिरणारे हात आले, आणि तुंगाक्काने मान खाली घातली.

"जीभ ऐकली नाही रे," ती म्हणाली. "म्हातारपणी मोह झाला."

शकुंतलेने ते डबे परसात रिकामे केले. त्या पाडव्याला देवाला दूध-गूळ दाखवला. केराबाईला सांगायला नको होतं, पण कळलं. दुपारपर्यंत गल्लीला कळलं. गोड सोडलेली, सोवळ्याच्या नावाने सगळ्यांना धारेवर धरणारी बाई चोरून साखर खाते! इतकी वर्षं आत एकटी काय काय करत असेल, तेव्हाच कुणाला आत येऊ देत नव्हती. बायका मनसोक्त हसल्या.

वेणीमाधव हसला नाही, रागावलाही नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. संध्याकाळी तो तिच्याजवळ बसला. "अक्का, तू तरुणपणापासून मन मारलंस आणि मी कधी विचारलं नाही. चूक माझी आहे. उद्यापासून चूल शकुंतला बघेल. नैवेद्याचं काम आहे, तुला उगीच त्रास. तू आराम कर. काय खावंसं वाटेल ते मला सांगत जा."

माजघरात तिच्यासाठी एक बाज टाकली. दोन्ही वेळा ताट समोर येऊ लागलं. शकुंतलेने पहिल्या दिवशी मीठ किती घालू म्हणून विचारलं, दुसऱ्या दिवशी नाही.

आठवड्याने वेणीमाधव कोर्टातून येताना पेढ्यांची पुडी घेऊन आला. केराबाई अंगण झाडत होती, तिची पाठ वळेपर्यंत थांबून त्याने पुडी सोडली. "घे अक्का. कुणी बघत नाही."

ती नको म्हणू शकत नव्हती. नको म्हटलं तर त्या दिवशी का, हा प्रश्न आलाच. तिने हात पुढे केला. तो त्याच्या हाताच्या बाजूने गेला, बाजेच्या कडेला लागला, परत हवेत आला आणि शोधत राहिला.

"लाजतेस काय अशी!" वेणीमाधव म्हणाला. त्याने तो फिरणारा हात धरला आणि पेढा तिच्या तळव्यावर ठेवला. तुंगाक्काने तो त्याच्यासमोर सगळा खाल्ला.