टाळ्यांना मनाई

आमच्या पालकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, हात वर करून नुसते हलवतात. सोबत आलेल्या स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांना टाळ्यांचा आवाज सोसत नाही.

परवा पाहुणी म्हणून बोलावलेली मीरा बोलली. ती स्वतः स्वमग्न आहे, नोकरी करते. "आम्ही आजारी नाही. आमचा मेंदू वेगळा आहे, एवढंच. आम्हाला बदलू नका, जागा द्या." काही हात हलले.

लगेच सुलभाताई उठल्या. त्यांची तरुण लेक बोलत नाही, मनगट चावून रक्त काढते. "तुला बोलता तरी येतं गं. माझ्या पोरीला कुठं दुखतंय तेही सांगता येत नाही. तिच्यासाठी औषध मागितलं, तर मी तुमची वैरीण?"

मला दोघींचं पटत होतं, आणि त्याचीच चीड येत होती. 'मेंदूंचं वैविध्य' या एका पांघरुणाखाली किती जणांना झोपवायचं? कुणाचे तरी पाय उघडे पडणारच.

तेवढ्यात सगळं विसरून लोकांनी सुलभाताईंसाठी टाळ्यांचा कडकडाट केला. मीरा कान घट्ट दाबून खाली बसली. शेजारच्या रांगेत सुलभाताईंची लेकही तशीच कान दाबून खाली बसली होती.

सुलभाताई एकदा लेकीकडे, एकदा मीराकडे बघत राहिल्या. टाळ्या थांबत नव्हत्या.