पप्पांच्या रजेचे अर्ज

सहावीत असताना मी पप्पांना आधी ताप आणला, मग सर्दी-खोकला, मग पुन्हा ताप आणि शेवटी कावीळ. सगळं इंग्रजीत, वहीच्या मधल्या पानांवर.

पप्पा सरकारी ऑफिसात कारकून होते. एका सोमवारी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते पुन्हा कॉटवर आडवे झाले, भिंतीकडे तोंड करून. आई म्हणाली, "बरं वाटत नाही का?" ते म्हणाले, "जातो थोड्या वेळानं." दुपारपर्यंत शर्ट चुरगळला. मंगळवारी त्यांनी शर्टही घातला नाही. रविवारी विहारात वंदनेला जायचे, तेही थांबलं.

भाईंदर पूर्वेला, गोडदेवजवळ, आमची एक खोली आणि एक स्वयंपाकघर. ज्या खोलीत पप्पा पडून असायचे तिथेच मी अभ्यास करायचे आणि आई लोकांच्या साड्यांना फॉल लावायची. अंगात ताप नाही, पोट दुखत नाही, दारू तर कधीच नाही. मग माणूस उठत का नाही? डिप्रेशन हा शब्द आमच्या घरी पोचला नव्हता. शेजारच्या गुजराती काकूंनी विचारलं, "भाभी, भाईसाब की छुट्टी है?" आई हसून म्हणाली, "हां, थोडा बुखार है." मी तिच्याकडे बघत राहिले. ती इतकं सहज खोटं बोलते हे मला माहीत नव्हतं.

आईला भीती एकाच गोष्टीची होती, नोकरी जाण्याची. न कळवता घरी बसलं की काढून टाकतात, असं तिने ऐकलं होतं. "अर्ज गेला पाहिजे," ती म्हणाली. "तू लिही. इंग्रजीत लिही, वजन पडतं." आई सातवी शिकलेली. माझ्या इंग्रजी शाळेवर तिचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. शाळेत आजारपणाच्या रजेच्या अर्जाचा नमुना आमच्याकडून पाठ करून घेतला होता. तोच उतरवला, प्रिन्सिपॉलच्या जागी पप्पांचे साहेब घातले. पप्पांनी न वाचता सही केली.

माझी शाळा वेस्टला. वाटेवर पप्पांच्या ऑफिसातले एक काका राहायचे, पप्पांच्याच गावाकडचे. दर सोमवारी त्यांच्या दारात अर्ज द्यायचा आणि त्यांनी काही विचारायच्या आत जिना उतरायचा. शाळेत लक्ष लागायचं नाही. बाई फळ्यावर लिहीत असताना मी मनात पुढचा आजार शोधत असायचे. घरी परतताना शेवटच्या वळणावर माझी चाल आपोआप मंद व्हायची, आणि मग एकदम मी पळत सुटायचे. पप्पा तसेच भिंतीकडे तोंड करून असायचे. चादर वरखाली होते का, एवढं बघून मी दप्तर ठेवायचे.

चौथ्या अर्जापर्यंत ताप पुरेना. वर्गातली एक मुलगी कावीळ होऊन महिनाभर घरी होती. मी कावीळ लिहिली. वाटलं, महिना सुटला.

त्याच रविवारी सकाळी काका आमच्या दारात उभे. हातात उसाच्या रसाची पिशवी. "वहिनी, कावीळ झाली आणि सांगायचं नाही होय? तारोडी गावात एक आजी आहे, काविळीची माळ घालते. माझ्या मेव्हण्याची आठ दिवसांत उतरली. चला, तयार व्हा."

आईने माझ्याकडे पाहिलं. नको म्हटलं असतं तर अर्ज खोटा ठरला असता. ती पप्पांना म्हणाली, "उठा." ते उठले. कुणी सांगितलं की उठायचे, तेवढं अजून होतं.

बसमध्ये काका ऑफिसातल्या गमती सांगत होते. पप्पा खिडकीबाहेर बघत होते आणि मी पप्पांच्या डोळ्यांकडे. थोडेसे तरी पिवळे दिसावेत असं मला मनापासून वाटत होतं. हळद कशी लावता आली असती, याचाही विचार करून झाला.

आजी अंगणात सुकत घातलेले बोंबील उलटत होत्या. खुंटीला काड्यांच्या माळा टांगलेल्या. ती माळ डोक्यावर ठेवायची, कावीळ उतरेल तशी ती लांबत गळ्यात येते, असं काकांनी आईला समजावलं. आजींनी अंगठ्याने पप्पांच्या डोळ्यांखालची कातडी ओढून पाहिली, मग नखं पाहिली.

"यास कावील न्हाय."

"नीट बघा ना आजी. अर्जात लिहिलंय तसं," काका म्हणाले.

"अर्जान लिवलं तं डोल्यान दिसायला नको? मी माल न्हाय घालनार."

पप्पा वळून काकांना म्हणाले, "मला कावीळ कोण म्हणालं?"

"मी लिहिली," मी म्हणाले.

आम्ही बसस्टॉपवर परत आलो. तिथल्या कट्ट्यावर बसून काकांनी मला विचारलं, "सगळे अर्ज तुझे?" मी मान हलवली. ते आधी हसले. "तरीच. खाली 'युअर्स ओबिडियंटली'. साहेब म्हणाले, हा एवढा आज्ञाधारक कधीपासून?" मग त्यांचं हसू गेलं. "बाळा, आपल्या हापिसात अर्ज मराठीतच जातात. इंग्रजी आलं म्हणून तर साहेबांनी फाइल वर पाठवली. आता वरचे लोक डॉक्टरचा दाखला मागतायत."

आईने पदर तोंडाशी नेला. तिला वाटलेलं वजन असं पडलं होतं.

काका पप्पांकडे वळले. "काय होतंय तुला? खरं सांग."

"काही होत नाही रे." त्यांनी चपलेतून पाय काढला, पुन्हा घातला. "उठवत नाही."

"मग तेच लिही. स्वतःच्या हातानं, मराठीत. उद्या मी साहेबांसमोर ठेवतो, परवा आपण मोठ्या दवाखान्यात जाऊ, असल्याचेही डॉक्टर असतात. पण तू लिहिलं नाहीस तर माझ्या हातात काही नाही." मग मला म्हणाले, "आणि तू लिहू नकोस हं."

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला राग आला.

घरी आईने कोरा कागद पप्पांपुढे ठेवला. त्यांनी 'महोदय' लिहिलं आणि थांबले. मी पाणी प्यायला उठले, पुन्हा उठले, गॅलरीत जाऊन आले. पेन झटकल्याचा आवाज आला की आत डोकावायचे. पाच मिनिटांचं काम होतं ते. पुन्हा पप्पांकडे निघाले तेव्हा आईने माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही.

दिवेलागणीपर्यंत तीन ओळी झाल्या. महिनाभर मला सकाळी उठवत नाही. कारण सांगता येत नाही. कामावर यायची इच्छा आहे. खाली सही.

"पप्पा, तारीख राहिली."

"किती आहे आज?"

मी सांगितली. त्यांनी आकडा लिहिला आणि पेन तसंच धरून माझ्याकडे पाहिलं.

"महिना?"

मी महिनाही सांगितला.