शिवलिंगप्पाचं नाक

भाद्रपद सरत आला होता तरी आभाळ उघडलं नव्हतं. आठ दिवसांची झड कालच थांबली होती अन् नळदुर्गच्या पेठेत भिंतीभिंतीला ओल चढली होती. शिवलिंगप्पानं लिंगपूजा उरकली, दुकानाच्या फळ्या काढल्या, ओटा झाडला, पायलीचं माप धोतराच्या सोग्यानं पुसून ठेवलं आणि तपकिरीची चिमूट नाकात कोंबली. दोन शिंका आल्या की त्याचा दिवस सुरू व्हायचा.

लढाईची सालं होती ती. सरकारी लेव्हीला, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीला, घालून उरलेली ज्वारी त्यानं परसातल्या दोन पेवांत भरली होती. पेव म्हणजे जमिनीत दोन पुरुष खोल खड्डा, आत कडब्याचं अस्तर, अन् वर माणूस जेमतेम उतरेल एवढंच तोंड. पहिलं पेव काल संपलं. आज दुसरं फोडायचं होतं.

तेवढ्यात हरणाबाई आली. खुरपायला जाणारी म्हातारी, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. तिनं पदरातली ज्वारी ओट्यावर ओतली.

"अप्पा, हिला वास येतुया. भाकर तोंडाजवळ नेववत न्हाय."

शिवलिंगप्पानं मूठ भरून नाकाशी नेली. जोरात हुंगली. "कसला वास? तुझ्या चुलीचा आसंल."

"पेवात पाणी उतरलंय तुमच्या."

"हरणाबाई, तीस वर्सं झाली, हे नाक खोटं बोललं न्हाय. मूठभर दाण्यावरनं शिवार सांगतो म्या. तू मला शिकीवणार?"

पेठेत त्याच्या या नाकाची ख्यातीच होती. कुणी मालाबद्दल कुरकुरलं की तो नाक पुढं करायचा. त्यामुळं अलीकडं कुणी काही बोलतच नव्हतं. दोन-चार घरं मुकाट वीरप्पाच्या दुकानाला लागली होती.

"चल, दुसरं पेव तुझ्यासमोरच उघडतो," तो म्हणाला.

परसात हमाल बलभीमनं पेवाच्या तोंडावरची माती ओढली, फरशी सरकवली अन् एकदम मागं सरला. मुंडाशाचा शेव नाकाला लावून म्हणाला, "लई उग्र हाय, अप्पा. आजचा दीस उघडं ठिवू. न्हायतर कंदील तरी सोडून बघू, इझतो का."

शिवलिंगप्पा पेवाच्या तोंडावर ओणवा झाला. लांब श्वास घेतला. काहीच नाही. "कंदील कशाला? माझं नाक हाय की! उतर."

हरणाबाईनं परसात पडलेला मोटेचा नाडा, जाड दोर, बलभीमच्या काखांखालनं आवळला. "नाक तुमचं वर हाय, अप्पा. जीव ह्येचा खाली चाललाय."

शिवलिंगप्पा हसला. बलभीम उतरला. त्याचं डोकं अंधारात बुडालं.

"अप्पा, ज्वारी गरम लागतीया..." एवढंच आलं. मग धप्पकन आवाज.

"बलभीम?"

शिवलिंगप्पा पेवावर वाकला.

"आरं बलभीम!"

शिवलिंगप्पा पेवाच्या तोंडात पाय सोडून बसला. हरणाबाईनं त्याचं धोतर धरून मागं ओढलं. "तुमी गेला तर वढायचं कुनी? नाडा धरा!"

दोघांनी नाडा धरला. बलभीम वर येईना. पेवाच्या तोंडाशी त्याचा खांदा अडकला. शिवलिंगप्पाचे तळवे सोलले. "शिवा, शिवा," एवढंच त्याच्या तोंडून निघत होतं. आवाज ऐकून शेजारचा तांबोळी धावत आला, पण पेवाजवळ येताच तोंड फिरवून ओकला. मग धोतरानं नाक बांधून त्यानं हात लावला. खांदा सुटला. बलभीम वर आला तो निळा पडलेला, डोळे फिरलेले.

हरणाबाईनं त्याला वाऱ्याला धरलं, छाती चोळली, तोंडावर पाणी मारलं. शिवलिंगप्पा नुसता बघत राहिला. बलभीमची बायको अन् तिच्या कडेवरची पोर त्याच्या डोळ्यांपुढं येत होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. बलभीमला ढास लागली. एकदा, दोनदा. मग तो रडल्यासारखा श्वास ओढायला लागला.

तांबोळी नाक दाबूनच म्हणाला, "तोबा! इतकी घाण अन् माणूस उतरवला, अप्पा?"

शिवलिंगप्पानं पुन्हा हुंगलं. काहीच नाही. तेव्हा त्याच्या अंगावर खरा काटा आला.

तो घरात गेला. हिंगाची डबी उघडली, नाकाला लावली. काही नाही. रॉकेलचा डबा हुंगला. पाणी हुंगल्यासारखंच वाटलं.

दारात बायको उभी होती. "शरणम्मा, माझं नाक कवा गेलं गं?"

"दोन वर्सं झाली आसतील," ती हळूच म्हणाली. "दूध करपलं तरी तुमी शेजारीच बसून असता. सांगाया गेले तर अंगावर आला."

दोन वर्षं. त्या दोन वर्षांत कुणाकुणाच्या ताटात त्यानं काय वाढलं होतं, ते त्याला आठवेना. आठवायची भीतीच वाटली.

रात्रभर त्याला ते "अप्पा, ज्वारी गरम लागतीया" ऐकू येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी फळ्या उघडल्या. तपकिरीची डबी घरातच राहिली. पेवातला माल गुरांपुढंही टाकायचा नाही, असं त्यानं शरणम्माला सांगून ठेवलं होतं. विकायला वीरप्पाकडून आणलेलं एक पोतं होतं. हरणाबाई ओट्याशी आली, तशी त्यानं मूठ भरून तिच्यापुढं धरली.

"आदी तुमी बघा, हरणाबाई."

तिनं हुंगली, एक दाणा दाताखाली फोडला. "चांगली हाय. बलभीम?"

"पेज प्याला सकाळी."

तिनं पदर पसरला. शिवलिंगप्पानं पायली भरली, वरून हात फिरवला आणि ओतली.