साठ घरांचे वजे

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोरगावला लेकीच्या सासरी पंगतीत बसलो होतो आणि माझ्या ताटात ताईनेच केलेली नेवरी होती. चतुर्थीचा चौथा दिवस. व्याह्यांचा गणपती सात दिवसांचा, त्यामुळे घरात पाहुण्यांची नुसती रीघ. व्याही स्वतः वाढायला उभे होते. म्हणाले, "तुमच्या बयणीच्या हाताक चव आसा हां. वजां एवडां इलां की आमच्या वाड्यात वाटून शेजारच्या वाड्यातय वाटलां." मी मान डोलावली. बहिणीचे कौतुक होते, पण त्याहून जास्त मला माझ्याच शहाणपणाचे कौतुक वाटत होते. तेवढ्यात फोन वाजला. ताईची मुलगी मनीषा होती. "मामा, आमची आई उरली ना," एवढेच बोलली. मी उष्ट्या हाताने तसाच उठलो. जिन्याखाली चपला शोधताना बायको विचारत राहिली काय झाले म्हणून, आणि मला ते तोंडातून काढता येईना, कारण तोंडात अजून घास होता.

वजे म्हणजे काय ते गोव्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे. मुलीच्या लग्नानंतरची पहिली चतुर्थी आली की माहेरचे लोक तिच्या सासरी फराळाचे ओझे पाठवतात. नेवऱ्या म्हणजे तुमच्या करंज्या, लाडू, चकल्या, शंकरपाळ्या, वर नारळ, केळ्यांचे घड, काकड्या. सासरचे लोक ते घरात ठेवून खात नाहीत, वाड्यातल्या घराघरांत वाटतात. मग कुणाचे वजे किती मोठे आणि कुणाच्या नेवरीत सारण किती यावर पुढची चतुर्थी येईपर्यंत बोलायला विषय होतो. हल्ली नोकऱ्या करणाऱ्या बायकांना एवढे घरी करायला सवड नसते. त्यामुळे ही कामे बाहेर देतात, आणि डिचोली भागात ती ज्यांच्याकडे जात त्यांत माझी ताई एक होती.

तिने हे हौसेने सुरू केले नव्हते. खाणी जोरात होत्या तेव्हा भावोजींनी खनिज वाहायला ट्रक घेतला. ताईच्या मये गावच्या रस्त्यावर तेव्हा घर तिथे ट्रक होता, न घेणारा माणूस वेडा ठरायचा. एका पतसंस्थेने कर्ज दिले आणि जामीन म्हणून सही केली मी, पणजीतला सरकारी कारकून. सरकारी पगाराच्या माणसाची सही म्हणजे सोने. सही करताना ताईने केलेली भजी खात होतो, कागद वाचलासुद्धा नाही. मग खाणी बंद पडल्या. ट्रक अंगणात उभा राहिला, त्याच्या चाकांतून तेरड्याची रोपे उगवली, शेवटी तो मातीमोलाने विकावा लागला. भावोजी आधी बोलायचे थांबले, नंतर अर्धांगाने अंथरुणाला खिळले आणि दोन पावसाळ्यांनी गेले. कर्ज मात्र धडधाकट होते. पतसंस्थेने माझ्या कार्यालयाला पत्र पाठवले आणि माझ्या पगारातून हप्ता कापायला सुरुवात झाली.

भावोजींचे बारावे झाले आणि त्याच आठवड्यात ताई बस पकडून आमच्याकडे पणजीला आली. पाणी दिले तेही प्यायली नाही. म्हणाली, "बाबू, तुज्या पगारातलें जें वता, तें हांव तुका परत दितां. म्हयन्याक जमता तितलें. म्हज्या मनूच्या फाटल्यान हें रीण वचूंक फावना." मनू म्हणजे मनीषा, तेव्हा शाळेत होती. लग्न होऊन जाईल त्या घरी उद्या कुणी बोट दाखवून म्हणायला नको की हिच्या बापाचे कर्ज मामाने फेडले, एवढीच ताईची धास्ती. मी म्हणालो, "बघू सवडीने." हे "बघू सवडीने" फार सोयीचे असते. त्यात हो नसतो, नाही नसतो, आणि माणूस स्वतःच्या नजरेत भला राहतो.

त्यानंतर ताईने काय केले नाही ते विचारा. बचतगटातर्फे शाळेच्या मुलांच्या माध्यान्ह आहाराची पावभाजी रांधायचे काम तिच्याकडे आधीपासून होते. ते उरकले की अबोलीच्या फाती, म्हणजे गजरे, ओवून देवळापाशी विकायची. काजूच्या दिवसांत दुसऱ्यांच्या बागेत बोंडे वेचायला जायची, बिया वेगळ्या करून करून बोटांची कातडी सोललेली असायची. मे महिन्यात फणसाची आणि आंब्याची साटे, म्हणजे उन्हात वाळवलेल्या पोळ्या, घालायची. एक वर्ष तर मयेच्या तळ्यावर येणाऱ्या पर्यटकांना अननसाच्या फोडी विकायला बसली. मी चेष्टेने म्हणालो, "ताई, आता होडी तेवढी वल्हवायची राहिली." ती हसून म्हणाली, "कितले दितात तें विचार." चेष्टेतसुद्धा तिचा हिशेब सुटत नसे. दर महिन्याला ती येई, पैसे देई, चहा घेई, आणि माझ्या बायकोने डब्यात काही घालून दिले तर पुढच्या खेपेला तो डबा रिकामा परत देत नसे.

आणि मी ते पैसे घेत होतो. हे आज लिहायलाच हवे, कारण मृत माणसाविषयी लिहिताना जिवंत माणूस स्वतःला फार हळुवारपणे हाताळतो. माझे घराचे हप्ते होते, माझ्या लेकीचे, स्नेहाचे, शिक्षण होते, नंतर तिचे लग्न. ताईचे पैसे आले की घरात बरे वाटायचे. बायको एकदा म्हणाली, "सरळ सोडून दिलं म्हणून सांगा ना त्यांना." मी म्हणालो, "ताईच्या मनाला लागेल, ती मानी आहे." ताई मानी होती हे खरे. पण मी तिच्या मानाची ढाल करून तिच्याच पैशांना जागा करत होतो, हेही तितकेच खरे.

वज्याच्या कामाची तिची एक रीत होती. गिऱ्हाईक आले की ती आधी पैशांचे बोलत नसे. विचारायची, "वाडो कितल्या घरांचो?" घरामागे पाच नेवऱ्या, दोन लाडू, मूठभर चकल्या. त्यावरून रवा, खोबरे, साखर, तूप ठरायचे. सुके खोबरे ती भाजताना स्वतः उभी राही, कारण रंग जरा पुढे गेला की सारण कडवट लागते आणि पाठवणाऱ्या माहेराचे नाक कापले जाते. नेवरीच्या कडेला मुरड हाताने घालायची. कातण्याने कापलेली नेवरी तिला नेवरीच वाटत नसे. शेजारच्या दोन बायका मदतीला यायच्या, पण चतुर्थी तोंडावर आली की त्यांनाही आपापल्या घरचे असे, म्हणून शेवटचे चार दिवस ती एकटीच चुलीपुढे.

या वर्षी स्नेहाची पहिली चतुर्थी. वजे ताईकडेच जाणार हे न सांगता ठरलेले. तिने नेहमीप्रमाणे विचारले, "बाबू, कोरगांवच्या वाड्यार घरां कितलीं?" घरे होती तीस. व्याह्यांनी मला नीट सांगितले होते. मी म्हणालो, "साठ." त्याआधी महिनाभर माझ्या डोक्यात हेच घोळत होते. ताईचे देणे आता थोडके उरले होते. सोडून दिले म्हणायला जीभ रेटेना. दुप्पट वजे सांगायचे, त्याचे दुप्पट पैसे उरलेल्या देण्यात वळते करायचे, आणि तिच्या हातच्या कष्टाने कर्ज फिटले असे तिला वाटू द्यायचे. किती नाजूक विचार केला म्हणून मी स्वतःवर खूश होतो. साठ घरांच्या तीनशे नेवऱ्या कुणाच्या खांद्यांनी लाटायच्या, एवढेच तेवढे माझ्या नाजूक विचारात नव्हते.

ताई फोनवर म्हणाली, "साठ? बरें. करतां." सामानाचे पैसे आगाऊ पाठवतो म्हटले तर म्हणाली, मागाहून बघू. चतुर्थीच्या दोन दिवस आधी मी गाडी घेऊन मयेला गेलो. डबे भरून, फडक्यांनी बांधून ओटीवर रांगेने ठेवले होते. ती खांबाला टेकून बसली होती, रंग उतरलेला, डावा हात उजव्या हाताने चोळत होती. मी विचारले तर म्हणाली, "पित्त जालां. सोलांचें उदक पियेलां, जातलें बरें." डॉक्टरकडे चल म्हटले. म्हणाली, "चवथ जांव दी." आम्हा लोकांची ही जुनी खोड. ताप असो, छातीत कळ असो, सगळे चतुर्थीपर्यंत थांबायला हवे. मनीषा बांबोळीला नर्सिंग शिकत होती, होस्टेलवर. पोरगी बघताक्षणी ओळखेल म्हणून ताईने चतुर्थीच्या दोन सुट्यांत तिच्यासमोर हात एकदाही चोळला नाही. मीही जास्त ओढाताण केली नाही. डबे गाडीत चढवायचे होते, पुलावर गर्दी व्हायच्या आत कोरगाव गाठायचे होते. निघताना तिने एकच सांगितले, "लाडवांचो डबो सकयल दवरूं नाका, फुटतले." तिच्याशी झालेले माझे शेवटचे बोलणे हे, लाडवांचा डबा तळाला ठेवू नको एवढेच.

दिवसकार्य झाले. मी येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होतो, "कर्ज मात्र फेडून गेली हो ताई." लोक हळहळत, तिची तारीफ करत. मलाही ते वाक्य पुन्हा पुन्हा उच्चारून थोडा धीर येई. वज्याचे पैसे वळते केले की देणे संपत होते.

मागच्या रविवारी मनीषा आली. आई बसायची तिथे न बसता दाराजवळच्या खुर्चीवर बसली, आणि पर्समधून पाकीट काढून टेबलावर ठेवले. म्हणाली, "मामा, ह्या म्हयन्याचे." मी म्हणालो, "कसले, मने? फिटलं सगळं. स्नेहाच्या वज्याचे पैसे आईचे माझ्याकडेच होते ना." तिने मान हलवली. "तें वजें आईन आपल्या भाचयेक दिल्लें. ताचे पयशे घेवपाचे नात म्हणून म्हाका सांगिल्लें. सामानाक गळ्यांतली सरपळी गहाण दवरल्या तिणें."

आता लपवण्यात अर्थ नव्हता म्हणून मी तिला खरे सांगितले. घरे तीसच होती. मी साठ म्हणालो ते ताईला पैसे सुटावेत म्हणून. मनीषाने हातातल्या पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. "आईक खबर आशिल्लें," ती म्हणाली. "गोडांत तूप घालचें काय तेल तें विचारपाक तिणें कोरगांवां फोन केल्लो, तेन्ना विहिणीन घरां तीस म्हणून सांगलीं. हांवें म्हळें, आई, मागीर तीसांचेंच कर. म्हणपाक लागली, बाबून साठ म्हणून सांगलां. ताणें थंयय तितलेंच सांगलां आसतलें, वजें उणें पावलें जाल्यार तो खोटें उलयलो अशें जातलें."

मी पाकीट तिच्याकडे सरकवले. "राहू दे हे, मने. मला नको. मी सोडून दिलं."

ती रडेल असे वाटले होते. रडली नाही. माझ्याकडे नीट बघून, अजिबात राग न आणता तिने विचारले, "मामा, हें आईक केन्ना तरी सांगिल्लें?"

मी म्हणालो, कधीच नाही. तिने चहा संपवला, कप स्वतः विसळून ठेवला आणि बांबोळीच्या बससाठी निघाली. पाकीट टेबलावरच राहिले. घरात तिथे जेवायची ताटे मांडायची झाली की बायको ते उचलून बाजूला ठेवते, आणि जेवणे झाली की पुन्हा जागेवर आणते. मला अजून ते उघडता आलेले नाही.